खानापूरची माती आणि तिचे कारागीर

उन्हाळ्यात माठातले गार पाणी पिऊन तृप्त झालेला मनुष्य माठाची तारीफ करतो. परंतु तो माठ कोणी घडविला, हे विचारणारा क्वचितच आढळतो. कलावंतांना आश्रय द्यावा, असे सभासंमेलनांतून वारंवार ऐकू येते. पण ज्याची ओळखच नाही, त्याला आश्रय द्यावयाचा कसा?

या दृष्टीने मलप्रभेच्या काठचे खानापूर पाहण्यासारखे आहे. तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावलेली ही नदी गावाजवळून वाहत पुढे कृष्णेला मिळते. येथील माती कौले, विटा आणि मडकी यांसाठी नावाजलेली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही याच गावी आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे शेजारी नांदतात, आणि दोन्ही भाषांनी कुंभाराला संतपद दिले आहे. मराठी माणसाला तेरचे गोरोबाकाका पूज्य; कानडीत कुंभार गुंडय्या या शिवभक्ताचे चरित्र हरिहर कवीने गाइले. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण कच्चा, कोण पक्का, हे ठरविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तेच थापटणे आज गिऱ्हाइकांवर चालविले, तर किती मडकी पक्की ठरतील?

कारण दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याला त्या मडक्यामागील श्रम ठाऊक नसतात. माती वाळवावी, कुटावी, चाळावी, भिजवून तुडवावी, तेव्हा ती चाकावर चढते. चाकावरून उतरलेले भांडे जाडच असते. ते किंचित सुकल्यावर आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकून बारीक करावे लागते. मग ते सावलीत वाळवून आव्यात भाजावयाचे. जाळ कमीअधिक झाला किंवा अवेळी पाऊस आला, तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. वरून चकचकीत रंग दिलेल्या माठात हा गुण उणावतो. पण रंगाला भुलणाऱ्याला हे सांगणार कोण?

शासन काहीच करीत नाही, असे नव्हे. २०१८ साली आयोगाने कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे खांद्याचे कष्ट वाचले. परंतु चाक वेगाने फिरले म्हणून माल खपतोच असे नाही. २००४ साली रेल्वेने स्थानकांवर मातीच्या कुल्हडांतून चहा देण्याचा उपक्रम आरंभिला. पुढे तो मागे पडला आणि २०१९ मध्ये वाराणसी व रायबरेली येथे पुन्हा सुरू करावा लागला. हुकुमाने आलेले गिऱ्हाईक हुकुमाबरोबर जाते; ओळखीने आलेले टिकते.

ही ओळख करून घेण्यास मोठा खर्च नको. संक्रांतीची सुगडे, नवरात्राचा घट आणि दिवाळीच्या पणत्या बाजारातील ढिगातून उचलण्याऐवजी कुंभाराच्या अंगणातून आणाव्यात. शाळांनी मुलांना आवा उघडण्याच्या दिवशी तेथे न्यावे. हाताने मातीचा गोळा चाकावर धरून पाहिलेला मुलगा पुढे मडक्याची किंमत पाडून मागणार नाही. मंडळांनी आपली मागणी सणाच्या तोंडावर न सांगता दोन महिने आधी सांगावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. पावसाळ्यात माती वाळत नाही, आवा पेटत नाही. त्या दिवसांत हाती आलेली उचल कारागिराला सावकाराच्या दारापासून दूर ठेवते.

कुंभाराचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागला तर त्याला दोष देता येणार नाही. पोट कोणाला चुकले आहे? परंतु तो केवळ आपण त्याच्या दाराशी कधी गेलो नाही म्हणून चाक सोडीत असेल, तर तो दोष आपला आहे. खानापूरची माती कोठे जाणार नाही. तिला आकार देणारे हात राहतील की नाही, हे मात्र घेणाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे.