गोळी चालू, तरी थकवा का?



इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. १९२७ साली थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे ग्रंथीसाठी प्राण्याची गरज उरली नाही. अहिंसाप्रेमी समाजास ही समाधानाची बाब होय.

तथापि काही रुग्णांची व्यथा या गोळीनेही संपत नाही. अंग जड, केस गळतात, काही सुचत नाही. घरात अशा भगिनीस आळशी म्हणतात आणि दवाखान्यात रिपोर्ट नॉर्मल असल्याचे सांगून परत पाठवतात. हा अन्यायच.

गोळी घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर प्रथम गोळी घेण्याची रीत पाहावी. ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासह, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. नवकारशी पारताना गोळी, चहा आणि खाखरा एकदमच पोटात गेले, तर औषध नीट शोषले जात नाही. पोटाच्या काही विकारांतही असेच घडते.

टीएसएच योग्य असूनही थकवा राहिला, तर दोष थायरॉइडचाच असेल असे नाही. रक्तक्षय, झोपेतील श्वासाचा अडथळा आणि शाकाहारी कुटुंबांत विशेषेकरून बी-१२ ची उणीव तपासून घ्यावी.

एवढे करूनही गुण न आल्यास टी-३ चा प्रश्न येतो. गोळीतील टी-४ चे शरीर टी-३ करते. निरोगी ग्रंथी मात्र थोडे टी-३ स्वतःही पुरवते. १९९९ साली दोन्ही एकत्र दिल्याने लाभ झाल्याचे प्रसिद्ध झाले. पुढील बहुतेक चाचण्यांत तो सिद्ध झाला नाही, तरी काही रुग्णांस ते मानवले. म्हणून तज्ज्ञ क्वचित, मर्यादित मुदतीसाठी हा प्रयोग करतात. टी-३ जास्त झाल्यास हृदयाची धडधड वाढते, हाडे झिजतात. गर्भवतीस तर ते देऊच नये, कारण गर्भाच्या मेंदूस मातेचे टी-४ लागते. शेजारणीची मात्रा पाहून आपली वाढवणे हे त्याहून घातक.

मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी ते निदान दोन दिवस बंद ठेवावे, अन्यथा आकडे फसवे येऊ शकतात.