रस्त्यासाठी देणगी नको

(यवतमाळ येथे मिशनच्या मित्रमेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी मेळावा संपला की चहाच्या वेळी कुणीतरी मला बाजूला घेतं आणि विचारतं, "ताई, त्या पोडाच्या रस्त्यासाठी आम्ही वर्गणी काढू का?" विचारणाऱ्याचं मन मोठं असतं, म्हणून नाही म्हणताना जड जातं. तरी मी नाहीच म्हणते. का म्हणते, ते आज एकदाच सर्वांना सांगून टाकते.

शहरातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगायला हवं. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. वीस-पंचवीस, फार तर चाळीस घरं आणि मधे चावडी. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत असे पोड विखुरलेले आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित मानलं, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर आपले कोलाम आहेत. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. पूर्वी त्याला सात नंबर म्हणायचे, आता ४४. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. तिथून आत वळलं की आधी डांबर, मग खडी, मग पांदण आणि शेवटी काळी माती. जुलैत ही माती पायात चप्पल राहू देत नाही. १०८ ची गाडी डांबर संपेल तिथे उभी राहते आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून चौघं जण तिथपर्यंत आणतात.

आपल्या जिल्ह्याला हे काही नवीन नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीवर आपल्यापैकी अनेकांचा जीव होता, पण इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीने ते रूळ घातले ते कापूस बाहेर न्यायला. वाट कापसाच्या हिशेबाने आखली गेली, माणसं त्यात बसून घेत होती एवढंच. म्हणून मी कुठल्याही रस्त्याबद्दल आधी विचारते, हा आखताना कुणाला मोजलं?

मोजण्यावरच सगळं अडतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. नियम असा, की सपाट भागात ५०० लोकवस्तीची वस्ती जोडायची आणि आदिवासी, डोंगराळ भागात २५० ची. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरायची सोय होती. पण एका पोडापासून दुसरा पोड कोसभर लांब! तीस घरांच्या पोडात दीडशे माणसं. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. चाळणीची भोकं मोठी होती आणि पोड खाली पडले. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन योजना जाहीर झाली, तेव्हा ही अट १०० लोकवस्तीवर आली. तीन वर्षांसाठी २४,१०४ कोटी रुपये. त्यात केंद्राचे १५,३३६ आणि राज्यांचे ८,७६८ कोटी. घरं, पाणी, वीज, अंगणवाडी आणि रस्ते हे सगळं त्यात. शिवाय अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा पाच टक्के थेट निधी येतो. प्रकल्प कार्यालयाकडे ठक्कर बाप्पा योजना आहे.

परदेशी पैसाही येतो. ग्रामसडक योजनेला जागतिक बँकेने कर्ज दिलं आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांसाठी २०१९ मध्ये आशियाई विकास बँकेशी २० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. गरीब देशांत खेडं किती जोडलं गेलं, हे पाहायला जगभर एक माप वापरतात: बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत किती ग्रामीण माणसं राहतात. माप चांगलं आहे. पण दोन किलोमीटर पावसाळ्यात, पोटुशी बाईला किती होतात, हे त्यात येत नाही. आणि कर्ज फेडणार कोण? आपणच. पोडातली बाई साबणाची वडी घेते तेव्हा तीही कर भरतेच.

मग जो पैसा तिच्या नावाने आधीच निघाला आहे, तो तुम्ही पुन्हा खिशातून का द्यावा? शिवाय देणगीच्या रस्त्याला नंबर नसतो. ग्रामसडकेच्या कामात पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असते. आपला मुरूम पहिल्या पावसात वाहून गेला तर जबाबदार कुणीच नाही. आणि उद्या पाहणीला आलेला माणूस 'रस्ता आहे' अशी खूण करून जाईल, म्हणजे पोड यादीतूनही गेला.

झरी-जामणी तालुक्यातल्या एका पोडाचं सांगते. रस्ता झाला, लोक खूश होते. रस्ता नाल्याच्या अलीकडे थांबला होता, पण सरकारने जेवढा दिला तेवढा, असं समजून कुणी बोललं नाही. आमच्या अभ्यासवर्गात आठवी शिकलेल्या एका सुनेने रस्त्याकडेचा फलक मोठ्याने वाचला. लांबी १.८ किलोमीटर. नाईक म्हणाले, मोजू या. शेत मोजायचा दोर आणला, पोरांनी आरडाओरडा करत मोजलं आणि भरली १.२ च्या आसपास. (मला थिऑलॉजीच्या डिप्लोमात मोजमाप पुस्तिका कुणी शिकवली नव्हती. ती त्या महिन्यात शिकले.)

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा फक्त कागद मागण्यापुरता नाही. कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. सुनेच्याच नावाने अर्ज केला आणि अंदाजपत्रक मागितलं. उत्तर आलं, की नाल्यापलीकडे वनजमीन आहे म्हणून काम थांबवलं आणि बिलही तेवढ्याच लांबीचं निघालं. म्हणजे चोरी नव्हती, हेही नीट सांगायला हवं. पण थांबवल्याचं पोडाला कुणी कळवलं नव्हतं. कळलं असतं तर वाट होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस! म्हणजे फाइलचा पहिला कागद पोडातूनच निघायचा होता, आणि पोडाला तो माहीतच नव्हता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. बायका जास्त होत्या. ठरावाची प्रत वन कार्यालयात दिली, पोच घेतली. फाइल अजून तिथेच आहे. या पावसाळ्यात खाट पुन्हा निघाली.

आता तुमच्याकडे काय मागते ते ऐका. आपल्या मंडळीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर आहेत, तलाठी आहेत, बँकेतले आहेत. महिन्यातून एक शनिवार माझ्याबरोबर चला. अंदाजपत्रकातली मोरी कुठे, रपटा कुठे, काळ्या मातीवर मुरमाचा थर किती जाडीचा लिहिला आहे, हे चावडीत बसून लोकांना वाचून दाखवा. कोलामी येत नसेल तर पोरं उलगडून सांगतात. जेवण पोडात मिळेल, भाकरी आणि अंबाडीची भाजी. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे, त्याआधी तीन पोडांचे फलक वाचायचे राहिले आहेत. नावं मागच्या टेबलावर लिहून घेत आहेत.