हातभट्टी आणि गावाची भीड



नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापूरची जिराईत शिवारे बागायत झाली. ऊस आला, गूळ आला. त्याच गुळात नवसागर घालून ओढ्याकाठी हातभट्टी लावली जाते. 1949 च्या दारूबंदी कायद्याने हा गुन्हा आहे, हे गावात कोणास ठाऊक नाही? तरी गाव बोलत नाही. भट्टीवाला भाऊबंदांपैकीच, अडीनडीला उपयोगी पडणारा. त्याच्या पोटावर पाय कोणी द्यावा? या भिडेची किंमत मात्र पिणाऱ्यांच्या घरची बायकामुले मोजतात. चोरट्या दारूत काय मिसळले आहे, हे पिणाऱ्यास कळत नाही. 2015 साली मुंबईत मालवणी येथे मेथॅनॉलमिश्रित दारूने शंभरांवर माणसे दगावली.

2016 च्या कायदादुरुस्तीने ग्रामसभेच्या ठरावावरून ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची सोय झाली आहे. हा विषय प्रथम पालकसभेत काढावा. तेथे माताभगिनी मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

भट्टीवाल्याचे मूलही आपल्याच वर्गात बसते. बापाच्या धंद्यावरून त्यास चारचौघांत टोचू नये, की भट्टीचा ठावठिकाणाही त्याच्या तोंडून काढू नये. खबर देणे हे मोठ्यांचे काम. मूल लागोपाठ गैरहजर राहिले, तर त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याच्या आईस भेटावे.