सरकता पाट

कविता लिहिणाऱ्याने करवतीवर बोलावे, हे जरा नवलच. पण आमचे घर सुतारांचे. धाकटा भाऊ रत्नागिरीत टेबल-सॉ चालवतो. फळीचा आडवा काप गुण्यात यावा म्हणून यंत्राच्या दोन खाचांत सरकणारा पाट लागतो. तो आम्ही घरीच केला.

पहिला पाट एमडीएफचा. सपाट आणि स्वस्त. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगल्या. खालच्या पट्ट्या आंब्याच्या, त्याही फुगून खाचेत अडकल्या. भावाने जोर लावला, पाट एकदम सुटला आणि अंगठा पात्याला लागला. सात टाके पडले. अम्मी त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या वेळी सामान निवडायला मीही गेलो. तळाला मरीन प्लाय घेतला. त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे तो फारसा हलत नाही. पट्ट्यांना जुन्या दाराचा साग. दमटपणाने लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. तेही वलयांच्या बाजूने जास्त, वलयांना छेदून कमी. म्हणून पट्टीच्या तोंडावर वलये उभी दिसतील अशी चिरून घेतली. इंचभराच्या पट्टीसाठी एवढा खल! लाकूडवाला हसला. हसू दे.

स्क्रू पात्याच्या वाटेपासून लांब ठेवले, तळाला मेण चोळले. पाते बाहेर येते तिथे मागे जाड ठोकळा बसवला. "भाई, त्याला लाल रंग दे," भाऊ म्हणाला. दिला.

पुढच्या जुलैत पाट अडला नाही. भाऊ मात्र अजून अंगठा मुठीत दुमडूनच तो ढकलतो.