मृत्युपत्र : लिहावे आणि वेळोवेळी बदलावेही
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून बियाणे, ठिबक, कीडनियंत्रण यांवर बोलणे झाले. माझा विषय जरा अवघड आहे. मृत्युपत्राचे नाव काढले की घरची मंडळी म्हणतात, "असं अभद्र बोलू नका." पण पीकविमा उतरवला म्हणून कोणी दुष्काळाला बोलावणे धाडत नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होते ते आधी पाहू. समजा, एका हिंदू शेतकऱ्याची ६ एकर स्वकष्टार्जित जमीन आहे. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस. २४० गुंठ्यांचे पाच सारखे वाटे, म्हणजे प्रत्येकी १ एकर ८ गुंठे. आईचा वाटा तर बहुतेकांच्या ध्यानातही नसतो. सातबाऱ्यावर पाचही नावे सामाईक लागतात. पण विहीर कोणाकडे, पाण्याची पाळी कशी, पाइपलाइन कोणाच्या रानातून, बैलगाडीची वाट कोणती, हे त्या वाट्यांत कुठेच ठरलेले नसते. आणि भांडण पेटते ते तिथेच. म्हणून मृत्युपत्रात नुसते एकर लिहू नका. गट नंबर, चतुःसीमा, विहिरीतील हिस्सा, मोटार, रस्ता, साखर कारखान्याचा शेअर आणि सोसायटीचे देणेही लिहा.

वडिलोपार्जित जमिनीची गोष्ट निराळी. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि १० एकर एकत्र जमीन असेल, तर वाटणीत वडिलांच्या वाट्याला ढोबळमानाने २ एकरच येतात. मृत्युपत्र तेवढ्याचेच करता येते. सगळे १० एकर थोरल्याच्या नावे लिहिले, तरी ते टिकत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे, आणि त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुस्लीम बांधवांना साधारणपणे एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. भोगवटादार वर्ग २ ची किंवा कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल, तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

लिहिण्याची रीत सोपी आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. सही किंवा अंगठा करावा आणि निदान दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जरूर करावी. पुढे "ही सही वडिलांची नव्हेच" म्हणणे जड जाते.

आता खरी अडचण. पुष्कळ जण एकदा मृत्युपत्र करतात आणि ट्रंकेत टाकून विसरतात. धाकट्याच्या नावे एक गट लिहिलेला असतो, मध्येच तो गट विकून दुसरीकडे जमीन घेतली जाते किंवा तो भूसंपादनात जातो. मृत्यूच्या वेळी तो गट मालकीचा उरलेला नसतो, आणि धाकट्याच्या हाती काही येत नाही. पोटहिस्सा पडला, घरात लग्न, जन्म वा मृत्यू झाला, नवे कर्ज काढले, की कागद पुन्हा वाचावा. एरवीही खरिपाआधी सातबारा काढाल तेव्हा शेजारी ठेवून पाहावा. बदल करताना खाडाखोड करू नये. नवे लिहून त्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे म्हणावे व तारीख घालावी. शेवटचे मृत्युपत्रच चालते, मग आधीचे नोंदवलेले का असेना.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असेही समजू नका. ठेवीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पडते. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे राहते.

मूळ कागद कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या, त्यात एक बाईमाणूस असावे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. त्या वेळी मृत्यूचा दाखला आणि हा कागद दोन्ही हाताशी लागतात.