नाव कोरण्याआधी

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पाचजणी तालुक्याच्या गावात राहतो. काचेच्या वस्तूंवर नावे कोरून घेतो आणि त्या भेटवस्तू म्हणून विकतो. शाळेचा बक्षीस समारंभ असो, दहावीच्या मुलांचा निरोप असो, गुरुजींची सेवानिवृत्ती असो, आमच्याकडे मागणी येते. घरची माणसेही येतात. कोणाला आजी-आजोबांचा फोटो काचेत हवा असतो, कोणाला लेकीचे नाव. या धंद्यात आम्ही काय शिकलो, ते तुम्हांला सांगणार आहोत. धंदा तुमचा निराळा असेल, पण गोष्ट तुमच्या उपयोगी पडेल.

आधी माल ओळखू या. बाजारात या वस्तूला 'क्रिस्टल' म्हणतात. क्रिस्टल म्हणजे स्फटिक. पण हा जमिनीतून निघणारा स्फटिक नव्हे. ही काच आहे. निर्मळ, नीट घासलेली, पैलू पाडलेली काच. इंग्लंडात जॉर्ज रेवन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसाला 1674 साली एका नव्या काचेचा परवाना मिळाला. पुढे तिच्यात शिसे घालू लागले. त्यामुळे काच जड झाली आणि तिला वेगळीच चमक आली. अशा काचेलाही क्रिस्टल म्हणतात. आज नावे कोरायला जे ठोकळे मिळतात, त्यांत बहुधा शिसे नसते. ती 'के-9' नावाची काच असते, नाहीतर साधी काच.

कधी कधी प्लॅस्टिकचा ठोकळाही क्रिस्टल म्हणून गळ्यात मारतात. तो कसा ओळखायचा? हातात घ्या. काच हाताला गार लागते, प्लॅस्टिक तेवढे गार लागत नाही. एकाच मापाचे दोन ठोकळे घेतले, तर काचेचा दुपटीने जड भरतो. आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, "ही काच आहे. हिरा नाही, स्फटिक नाही." खरे सांगितल्यावर गिऱ्हाईक पळत नाही. उलट पुन्हा येते.

आता नाव कसे कोरतात ते पाहू. शहरातल्या कारखान्यात लेझरचे यंत्र असते. त्यातून प्रखर प्रकाशाचा किरण निघतो. तो काचेच्या पोटात नेमका एका ठिकाणी एकवटतो. तिथे बारीकशी तडकण होते आणि पांढरा ठिपका दिसतो. असे हजारो ठिपके मिळून नाव तयार होते, चेहराही तयार होतो. काच बाहेरून गुळगुळीतच राहते. पाटीवरचे अक्षर पुसता येते. वहीवरचे खोडता येते. काचेच्या पोटातले अक्षर पुसताही येत नाही आणि खोडताही येत नाही. ही गोष्ट आम्हांला माहीत होती. तिचा अर्थ मात्र ठेच लागल्यावर कळला.

आम्ही प्रत्येकीने 2000 रुपये घातले. भांडवल झाले 10,000 रुपये. महाराष्ट्रात पूर्वी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभा राहिला होता. त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. मग आमच्या दहा हजारांतून काहीच निघणार नाही काय? असा आम्ही विचार केला.

पहिली मागणी एका शाळेची आली. बक्षीस समारंभासाठी 24 वस्तू, प्रत्येकीवर मुलाचे नाव. एका वस्तूचा हिशेब असा होता: ठोकळा 180 रुपये, कोरणावळ 60, डबी 30, वाहतूक 10. एकूण 280 रुपये. विक्री 350 रुपयांना. म्हणजे एका वस्तूमागे नफा 70 रुपये आणि 24 वस्तूंचा नफा 1680 रुपये. आम्ही खूश झालो.

शाळेची यादी इंग्रजी अक्षरांत होती. नावे मात्र मराठीत कोरायची होती. आम्ही घाईघाईने मराठीत उतरवली आणि कारखान्याला पाठवली. समारंभाच्या दिवशी डब्या उघडल्या. पाहतो तो काय! माळीचे झाले माली. गवळीचे झाले गवली. साठेचे झाले साथे. इंग्रजीत 'ळ' नाही. 'ट' आणि 'त' यांना एकच अक्षर. मूळ यादीतच घोटाळा होता आणि आम्ही तो ओळखला नाही. शिवाय 'प्रज्ञा' आणि 'कृष्णा' ही नावे कारखान्याच्या संगणकावर फुटली होती. त्यांतली जोडाक्षरे सुटी झाली होती. अशी पाच नावे चुकली.

सहावे नाव होते पोटे. त्याचे झाले होते पोते. मुलगा पहिला आलेला होता. व्यासपीठावर गेला, बक्षीस घेतले, खाली आला. शेजारच्या मुलाने ते वाचले आणि मोठ्याने हसला. मग सगळी रांग हसली. मुलाने ती वस्तू परत डबीत घातली आणि डबी दप्तरात कोंबली.

संध्याकाळी त्याचे वडील आमच्याकडे आले. ओरडले नाहीत. डबी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, आमच्या घरात आजवर कोणाचं नाव कशावर कोरलं गेलं नव्हतं. पहिल्यांदा कोरलं, अन् तेही चुकलं."

आम्हांला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

आम्ही सहा वस्तू पुन्हा करून घेतल्या. सहा गुणिले 280, म्हणजे 1680 रुपये. आमचा नफाही 1680 रुपयेच होता. सगळा गेला. चुकलेल्या सहा वस्तू कोण घेणार? साडी एकीला आवडली नाही तर दुसरी घेते. ज्याच्यावर नाव आहे, ती वस्तू जगात एकाच माणसाला विकता येते. एक वस्तू वाया गेली की चार वस्तूंचा नफा बुडतो. हा हिशेब पक्का ध्यानात ठेवा.

नव्या वस्तू आम्ही घरोघर नेऊन दिल्या. पोट्यांच्या घरी आम्ही पाचहीजणी गेलो. मुलाने नाव वाचले, आईला वाचून दाखवले आणि वस्तू फळीवर देवाशेजारी ठेवली.

यानंतर आम्ही बसून विचार केला. आमच्यात चौघी शाळा शिकलेल्या. यादी चौघींनी तपासली होती. मग चूक राहिली कशी? पाचव्या आमच्या आक्का. त्यांचे वय 56. तोपर्यंत त्यांना कोणी यादी दाखवलीच नव्हती. त्या तुमच्यासारख्याच एका साक्षरता वर्गात शिकलेल्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा उठवत होत्या. त्या दिवशी त्यांनी यादी हातात घेतली. अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. "मा... ली. माली? अगं, त्यांचं आडनाव तर माळी ना?" यादीतल्या चुका आक्कांनी काढून दिल्या!

तेव्हा आम्हांला कळले. आम्ही भरभर वाचतो. पहिले अक्षर दिसले की पुढचे मनानेच भरतो. आक्का सावकाश वाचतात. जे लिहिले आहे, तेच वाचतात. त्या दिवसापासून आक्कांनी वाचल्याशिवाय एकही नाव कारखान्यात जात नाही.

आता आमची रीत सांगतो. मुलाचे नाव मुलानेच मराठीत चिठ्ठीवर लिहायचे. खाली पालकाची सही किंवा अंगठा. कोणी 'श्रद्धा' लिहितात, कोणी 'श्रध्दा'. आपण शहाणपण करून परस्पर बदलायचे नाही. घरच्यांना विचारायचे. नाव त्यांचे आहे. कारखान्याकडून आधी नमुना मागवायचा आणि कागदावर छापून घ्यायचा. आक्का एकेक अक्षर मोठ्याने वाचतात, दुसरी चिठ्ठी पाहते. दोन्ही जुळले की पुढे. निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, कारण गिऱ्हाइकाने माघार घेतली तर माल आपल्या गळ्यात पडतो.

दुसऱ्या वर्षी दहावीच्या निरोपाची मागणी आली. वर्गात 38 मुले. पैसे पालकांनी द्यायचे होते. 31 जणांनी दिले. सातजणांच्या घरी जमले नाही. शाळेत कोणी सुचवले की वस्तू वर्गात वाटू, म्हणजे उरलेलेही पैसे आणतील. आमची विक्री वाढली असती. पण आम्हांला तो दप्तरात कोंबलेला डबा आठवला. आम्ही म्हणालो, "वर्गात वाटप नको. ज्याने त्याने आमच्याकडून घरी न्यावे." सात वस्तूंचा नफा 490 रुपये होतो. तो गेला. पण सात मुलांना मान खाली घालावी लागली नाही. मुलांच्या कौतुकावर चालणाऱ्या धंद्याने मुलांना लाजवू नये.

जाता जाता एक सूचना. काचेचा गोळा किंवा ठोकळा खिडकीत उन्हात ठेवू नका. भिंगासारखे ऊन एकवटते आणि कागद किंवा कापड पेटू शकते. विकताना आम्ही हे प्रत्येकाला सांगतो.

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जण अजून अक्षर लावून वाचतात. त्याची लाज वाटते, असे वर्गात ऐकले. लाज वाटू देऊ नका. बोट ठेवून वाचा. पावती असो, सातबारा असो, बँकेचा कागद असो, आपले नाव अक्षर अक्षर लावून तपासा. सही करण्याआधी तपासा. काचेवरचे अक्षर पुसता येत नाही, आणि कागदावर चुकलेले नाव सुधारायलाही कचेरीचे किती हेलपाटे पडतात, ते तुम्ही जाणता.

आमच्या कपाटात त्या चुकलेल्या सहा वस्तू अजून आहेत. नवी बाई कामाला आली की आक्का त्या तिच्यापुढे मांडतात आणि म्हणतात, "वाच बघू. सावकाश वाच."