घोडीची पाठ दुखते तेव्हा

शेळी, म्हैस, कोंबडी यांच्यावर या रेडिओवरून पुष्कळ बोलणं झालं. घोडीचं मात्र नाव कुणी काढलं नाही. म्हणून आज आमच्या गटानं घोडीची पाठ हा विषय घेतलाय. ऐकणाऱ्यांत धनगरवाड्यावरच्या किती तरी जणी आहेत. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून घाट उतरायचा, पावसाआधी परत फिरायचं. मेंढरांमागं पुरुष जातात, पण घोडं लादायचं, सोडायचं काम बहुतेक बाईकडंच. तेव्हा घोडीच्या पाठीला रोज हात लागतो तो आपलाच.

लादताना घोडी चावायला येते, खोगीर ठेवलं की पाठ खाली दाबते, तंग आवळताना लाथ झाडते. आपण म्हणतो, खोडील झाली. चार फटके बसतात. कालपर्यंत गरीब असलेली घोडी एकाएकी अशी वागायला लागली, तर काठी बाजूला ठेवून आधी तिची पाठ बघावी.

घोड्याच्या कण्यात मानेच्या मागं बरगड्यांचे १८ मणके असतात आणि त्याच्या मागं कमरेचे, बहुतेक घोड्यांत ६. प्रत्येक मणक्याचं हाडाचं टोक वर आलेलं असतं. पाठीवरनं हात फिरवला की मधोमध लागतं ते हेच. या टोकांवर ओझं टेकता कामा नये. ओझं टेकावं दोन्ही बाजूंच्या मांसावर, बरगड्यांवर. आपण डोक्यावर हंडा घेताना चुंबळ कशाला ठेवतो? हंड्याचं बूड टाळूवर रुतू नये म्हणून. तसंच खोगिराचं. दोन बाजूंना दोन जाड उशा आणि मधे मोकळी पन्हळ हवी. खोगिरातला पेंढा वर्षा-दोन वर्षांत बसतो, गोळे होतात, पन्हळ बुजते. मग वर घोंगड्या कितीही टाका, कणा दबतोच.

मागच्या हंगामात आम्ही एका वाड्यावर गेलो होतो. तिथली घोडी खोगीर बघूनच कान मागं टाकायची. दोनदा तिनं बिऱ्हाड रस्त्यात पाडलेलं, एकदा तर वर कोंबड्यांचा खुराडा होता. पुढच्या बाजारात काढायची असं ठरलं होतं. घरची म्हातारी तेवढी म्हणत होती, "ही अशी नव्हती गं." जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन पाठ दाबून पाहिली. उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचवट्यामागं, मांस लाकडासारखं कडक झालेलं. पिठाचं पोतं आणि लोखंडी भांडी रोज उजवीकडंच बांधली जात होती, कारण लादणारीला ती बाजू हाताशी पडायची. घोडी महिनाभर मोकळी ठेवली, खोगीर उसवून नव्यानं भरलं. तेवढे दिवस दिराचं तट्टू उसनं घ्यावं लागलं, त्यावरून घरात बोलणंही झालं. पण घोडी विकली नाही, आणि यंदा ती घाट उतरून गेली.

आता तपासायचं कसं ते ऐका. घोडी सपाट जागी, ओझं उतरवून उभी करा. ओळखीच्या माणसानं तोंडाशी धरावं. आपण बाजूला राहायचं, मागं नाही. आधी नुसतं बघा. कण्याच्या दोन्ही अंगांचं मांस सारखं आहे का, की एका बाजूला खड्डा पडलाय? पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका असेल तर तिथं पूर्वी ओझं रुतलं होतं असं समजावं. मग उघडा तळवा मानेच्या बुडापासून पुठ्ठ्यापर्यंत हळू फिरवा. कुठं गरम लागतं का, सूज आहे का बघा. त्यानंतर कण्यापासून दोन बोटं सोडून, बोटांच्या पेरांनी जरा दाबत जा. नखं लावू नका. एखादी घोडी गुदगुल्यांनीही अंग चोरते, पण तीनदा हात फिरवला की ती निवळते. दुखत असेल तर दरवेळी त्याच जागी कान मागं जातात, शेपूट झाडते, पाठ दबते किंवा फळीसारखी ताठ होते.

आणखी एक खूण फार कामाची. तासभर चालून आल्यावर खोगीर काढा. पाठ सारखी घामेजलेली हवी. ओल्या घामात तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर ओझं तिथंच टोचतंय. शहरात शर्यतीच्या घोड्यांच्या पाठीचा एक्स-रे काढतात, सोनोग्राफी करतात. आपल्याकडं हा कोरडा डाग आहे, तो फुकट दिसतो.

दर वेळी दुखणं पाठीतच असतं असंही नाही. मागचा पाय दुखत असला की घोडी अंग चोरून चालते आणि मग पाठ धरते. म्हणून डॉक्टर आधी खूर, नाल, पाय बघतात. मागचे खूर पुढच्या टोकाला घासलेले दिसले तर ते त्यांना सांगा. ताप येतो-जातो, घोडी खंगते, पोटाखाली सूज येते आणि मागचं अंग लटपटतं, असं असेल तर सर्रा असू शकतो. तो चावऱ्या माश्यांनी पसरतो, रक्त तपासून कळतो. आणि दोन-चार दिवस बसून पूर्ण चंदी खाल्लेली घोडी कामाला काढल्यावर ताठरली, घामानं निथळली, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर एक पाऊलही चालवू नका. आहे तिथंच ओझं उतरवा, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. ते दुखणं जीवावरचं आहे.

नुसती पाठ धरली असेल तर मोठं औषध म्हणजे ओझ्याला सुट्टी. ताजी सूज असेल तर पहिले दोन दिवस गार पाण्याची पट्टी, नंतर कोमट शेक. जखम असेल तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, माशी बसू देऊ नका. जळकं ऑइल, बॅटरीचं पाणी, डाग देणं, यातलं काहीही नको. डाग दिल्यानं कणा बरा होत नाही, कातडी मात्र जळते आणि तिथं पुन्हा खोगीर टेकवता येत नाही. सूज उतरली की मोकळी चालवायची. भाकरीचा तुकडा तिच्या बरगडीपाशी धरून मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवून घ्यायची, रोज चार-पाच वेळा. त्यानं कण्याजवळचं मांस पुन्हा भरतं.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक तर नाहीच. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून २००६ पासून ते जनावरांना द्यायला बंदी आहे. कोणतं औषध, किती, हे डॉक्टर ठरवतील. घोडी गाभण असेल तर ते आधी सांगा.

ओझ्याचाही कायदा आहे बरं का! १९६५ च्या केंद्राच्या नियमांत तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० किलो इतकंच ओझं सांगितलंय. दिवसाला ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही. ७० किलो म्हणजे ५० किलोचं एक पोतं आणि वर थोडी भांडी. त्यावर लेकरू बसवलं की झालंच जास्त. दोन घोड्यांचं एकीवर लादायचं असेल तर निघण्याआधी दोन्ही बाजूंची ओझी हातानं उचलून बघा, वजन सारखं आहे का.

वाटेत अडलात तर १९६२ ला फोन लावा, पैसे पडत नाहीत. गाव, घोडीचं वय, कधीपासून दुखतंय आणि लघवीचा रंग, एवढं तयार ठेवा. पुढच्या खेपेला खूर आणि नाल यांवर बोलू.